मोज्यातला पाना

"खिसे उलटे करून दाखवा," बाईंनी दारातच अडवलं.

फोरमननी निमूटपणे खिसे उलटे केले. रुमाल, चष्म्याची डबी, किल्ल्या. पाना मोज्यात होता. पण मोज्यांबद्दल कोणी विचारलं नव्हतं.

"आज कशालाही हात लावायचा नाही. शब्द द्या."

"दिला."

फोरमन कारखान्यातून कधीच निवृत्त झाले होते, पण शेजाऱ्यांपासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्यांना अजून फोरमनच म्हणायचे. माणूस सज्जन. खोड एकच. सैल काही दिसलं की आवळायचं. घरातले नळ त्यांनी असे आवळले होते की पाहुणे हात न धुताच जेवायला बसत. डब्यांची झाकणं तर विचारूच नका. बाईंना चहा करायचा असला तर आधी साखरेच्या डब्याशी कुस्ती, मग गॅस.

त्यांच्या पत्नी, म्हणजे बाई, शाळेत चित्रकला शिकवायच्या. जन्मभर पोरांकडून रंगीत फुलं काढून घेतली आणि निवृत्त झाल्याबरोबर जाहीर केलं, "रंग पुष्कळ झाले." तेव्हापासून सगळं काळं. भंगारातून आणलेला कन्व्हेयरचा रबरी पट्टा, डांबर, ग्रीस, लोखंडी वायसर. गच्चीवर त्यांनी एकटीने पुरुषभर उंचीची लोखंडी चौकट उभी केली आणि तिच्यावर तो भला मोठा पट्टा बोल्टांनी टांगला. फोरमन मदतीला धावले, तर तिथेच ठणकावलं, "हे एवढं तरी माझं एकटीचं असू दे."

मेहुणीने ते पाहून विचारलं होतं, "ताई, हे वाळत घातलंय का?" पण कलादालनाच्या संचालकांनी पाहिलं आणि प्रदर्शनासाठी तिथल्या तिथे निवडलं. आयुष्यातलं पहिलं प्रदर्शन! बाई दोन दिवस धड जेवल्या नव्हत्या. त्यामुळे आज काही बिघडलं तर आपली धडगत नाही, हे फोरमनना पक्कं ठाऊक होतं.

दालनात पोचल्यावर बाई फोरमनना राखणीला बसवून मेहुणीला आणायला गेल्या. पांढऱ्या भिंती, मधोमध तो काळाकुट्ट पट्टा आणि समोर खुर्चीत फोरमन, हाताची घडी घालून. थोडा वेळ बरा गेला. मग त्यांना दिसलं की वरच्या रांगेतला डावीकडचा एक बोल्ट सैल आहे आणि तिथे पट्ट्याला वळी पडली आहे.

त्यांनी खुर्ची फिरवली. पाठीला तो बोल्ट जाणवायला लागला. डोळे मिटले, तर मिटल्या डोळ्यांना वळी दिसायला लागली.

'शब्द हात न लावण्याचा आहे,' त्यांनी मनाची समजूत घातली. 'पान्याने केलं तर हात कुठे लागतो?'

चार फेरे आवळले. वळी गेली, पट्टा सपाट झाला. फोरमनना इतकं बरं वाटलं की त्यांनी शीळ घातली. पाना पुन्हा मोज्यात जातोय न जातोय तोच संचालक आत आले. चष्मा कपाळावर, डोळे मिटलेले, ओठ पुटपुटत असलेले.

"भाषण पाठ करतोय," ते कामाकडे पाठ करून उभे राहिले. "जरा ऐका बरं! सगळं कसं करकचून बांधलेलं. काळं, जड, औद्योगिक. आणि त्यात हा एकच बोल्ट सैल! त्याने जी वळी पडलीय, तिथे हे काम श्वास घेतं. बाईंची सगळी प्रतिभा त्या एका वळीत आहे. कसं वाटतंय?"

"छान," फोरमन म्हणाले. त्यांचा स्वतःचा श्वास अडकला होता.

"मी हे निवडलं ते त्या वळीसाठीच!" संचालकांनी खूश होऊन त्यांचा हात हातात घेऊन दाबला, मग तोच हात कपाळावरून फिरवला आणि निघून गेले. कपाळावर ग्रीसचा चांगला बोटभर पट्टा उमटला. सांगावं तर आपल्या हाताला ग्रीस कुठून आलं, हेही सांगावं लागलं असतं.

आता बोल्ट पूर्वीसारखा सैल करायचा. पण सैल म्हणजे किती सैल? फोरमननी जन्मात बोल्ट एकतर आवळला होता, नाहीतर काढला होता. अर्धवट सोडायची विद्या त्यांच्याकडे नव्हती. चार फेरे सोडले, वळी पडेना. शेजारचा सोडला, जराशी पडली. मग त्याच्या शेजारचा. मग उजवीकडचे का मागे ठेवायचे? एकदाची वळी पडली. वळी कसली, चांगलं पोट सुटलं.

"भावोजी, हे आधी इतकं लोंबत होतं का हो?" मेहुणी आत येताच म्हणाली.

"श्वास घेतंय," फोरमन म्हणाले.

"हात लावला नाहीत ना?" बाईंनी विचारलं.

"छे, छे!" फोरमननी दोन्ही हात खिशात खुपसले.

माणसं जमली. संचालक कपाळावरच्या काळ्या पट्ट्यासकट भाषणाला उभे राहिले आणि बघता बघता वळीपाशी आले. लोक माना डोलावत होते. एवढ्यात फोरमनच्या कानांनी तो आवाज टिपला. नट आट्यांवरून सरकतो तेव्हा येतो तसा. कारखान्यात असा आवाज आला की सगळं सोडून धावायचं.

"या सैलपणातच..." संचालक म्हणाले.

"बाजूला व्हा!" फोरमन ओरडले आणि धावले. टण, टण, टण करत बोल्ट जमिनीवर आले आणि सुटलेला पट्टा फोरमनच्या खांद्यावर बसला. पण त्यांनी तो खाली पडू दिला नाही.

बाई सावकाश पुढे आल्या.

"मीच हात लावला," फोरमन पट्ट्याखालून म्हणाले. "एक बोल्ट सैल होता, तो आवळला. मग हे म्हणाले, सगळी प्रतिभा त्यातच आहे, म्हणून परत सोडला. तुझं पहिलं प्रदर्शन आणि मी वाटोळं केलं गं."

"आवळला होतात?" बाई म्हणाल्या. "मग तसाच का नाही राहू दिलात? अहो, तो मी सैल ठेवला नव्हता. राहिला होता. मला जोरच पुरला नाही. आणि यांनी नेमकं त्याचंच कौतुक केलं, मग कुठल्या तोंडाने सांगू? दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. म्हटलं, तुम्हाला दिसेल आणि तुम्ही मुकाट्याने आवळाल. उगाच का मी मोज्यांत हात घातला नाही?"

"बाई, हळू बोला ना," संचालक कळवळले. "माझं भाषण अर्धं राहिलंय!"

"तुम्ही आधी कपाळ पुसा," मेहुणी म्हणाली.

बाईंनी फोरमनच्या मोज्यातून पाना काढून त्यांच्यासमोर धरला. "आवळा."

"नको. शब्द दिलाय."

"आवळा म्हणते ना!"

मेहुणीने आणि संचालकांनी पट्टा धरला, फोरमननी एकूण एक बोल्ट आवळला. पट्टा असा ताठ बसला की त्यावर डाव मांडून पत्ते खेळावेत. बाईंनी मात्र निघताना दारातून दोनदा वळून त्या पट्ट्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोरमन सहज म्हणून दालनात डोकावले आणि त्यांचं टाळकंच सटकलं. डावीकडचा तोच बोल्ट सैल होता. तीच वळी. त्यांनी तडक संचालकांना गाठलं.

"आईशप्पथ मी नाही!" संचालक म्हणाले. "मला तर पाना कुठल्या बाजूने धरायचा, तेही ठाऊक नाही."

तावातावाने फोरमन घरी आले. "अगं, ऐकलंस का? तो बोल्ट कोणीतरी..."

बाई नळाखाली हात धूत होत्या. पाणी काळं वाहत होतं.

"बाकीचे सगळे तुम्ही आवळलेत, आता ते पडायचं नाही," त्या वळून न बघता म्हणाल्या. "आणि वळीशिवाय अगदीच मेलं दिसतं हो ते. संचालकांचं म्हणणं खरं होतं."

"पण मी जीव खाऊन आवळला होता! घट्ट करायला तुझा जोर पुरत नाही आणि सोडायला बरा पुरला?"

"त्याचा मला सराव आहे," बाई म्हणाल्या आणि साखरेचा डबा काढून एका हिसक्यात झाकण उघडलं. "बसा, चहा टाकते."