बन्सीच्या घराशेजारी

"शिलाई मशीन तुम्हीच चालवता का?"

गेवराईच्या बँकेत मॅनेजरनं असं विचारलं, तेव्हा बन्सीनानांना वाटलं, घराचं कर्ज द्यायच्या आधी माणसाशी चार इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलायची बँकेची रीत असेल. ते मोकळेपणानं हसले. आपण चकलांब्याच्या जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करतो, टाके घालायला हात चांगला बसलाय, पण तो बैलापुरता, झंपराला अजून लावलेला नाही, असं त्यांनी सांगून टाकलं.

मॅनेजर सत्यम तरुण होता आणि हसण्याच्या बाबतीत फार काटकसरी होता. त्यानं कॉम्प्युटर नानांकडं वळवला. पडद्यावर नानांचा क्रेडिट रिपोर्ट होता, म्हणजे माणसानं आजवर कुठून उधार घेतलं आणि ते फेडलं की बुडवलं याची सगळी हकीकत. नानांच्या हकीकतीत एक शिलाई मशीन होतं, दोन म्हशी होत्या, एक पिठाची गिरणी, एक फटफटी आणि बांगड्यांची हातगाडी. सगळं थकलेलं, सगळं वसुलीवाल्यांकडं गेलेलं. आयुष्यात नानांनी हप्त्यानं एकच वस्तू घेतली होती, ती म्हणजे बायको पारूबाईंसाठी मिक्सर, आणि त्याचे हप्ते वेळेआधी भरून त्यांनी दुकानदाराला गोंधळात पाडलं होतं.

"एवढे धंदे सांभाळून नोकरीला वेळ कसा मिळतो तुम्हाला?" सत्यमनं विचारलं. तो थट्टा करत नव्हता, त्याला खरंच प्रश्न पडला होता. या नोंदी आहेत तोवर कर्ज मिळणार नाही, त्या खोट्या असतील तर तक्रार करून काढून आणा, असं सांगून त्यानं पुढच्या माणसाला बोलावलं.

नाना एसटीत बसले ते खिडकीबाहेर बघत राहिले. कर्ज त्यांना हौसेसाठी नको होतं. पारूबाई गेल्यापासून घर त्यांच्या अंगावर येई. दवाखान्यातून परतून कुलूप काढलं की आत नुसतं घड्याळ बोलायचं. मुलगी पंचशीला बीडला नर्स होती. तिच्या शेजारचं दोन खोल्यांचं घर विकायला निघालं होतं, मालक दसऱ्यापर्यंत थांबतो म्हणाला होता, आणि नानांच्या बदलीचंही जमत आलं होतं. भिंतीपलीकडं पोरीच्या घरातली भांडी वाजलेली ऐकू आली, तरी नानांना पुरणार होतं. आता त्या घराच्या आणि नानांच्या मधे दोन म्हशी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

या म्हशी कुठून आल्या ते कळायला नानांना वेळ लागला नाही. चकलांब्यात पहिला मोबाईल त्यांनी घेतला होता, आणि त्या काळात गावात रेंज मिळायची ती फक्त नानांच्या ओट्याच्या एका कोपऱ्यात, लिंबाखाली. त्यामुळं अख्ख्या गावाचे फोन तिथं यायचे. कोल्हापूरकडं, कर्नाटकात उसाच्या फडावर गेलेली माणसं तिथून फोन लावायची, आणि पारूबाई उचलून म्हणायच्या, "थांबा, बलावते. फोन ठिवू नका." मग त्या भिंतीकडेच्या जुन्या जात्याच्या तळीवर चढून नाव पुकारायच्या. त्यांचा आवाज तीन गल्ल्या ओलांडून जायचा. माणसं हातातलं टाकून पळत यायची, बोलून झालं तरी हलायची नाहीत, आणि पारूबाईंच्या चुलीवर दिवसभर चहाचं आधण असायचं.

फायनान्स कंपनीचा माणूस कर्ज वाटायला आला, तोही रेंजसाठी त्याच ओट्यावर बसला. तिथंच त्यानं सगळ्यांचे अर्ज भरले. घराला नंबर कुणाच्याच नव्हता, म्हणून पत्ता सगळ्यांचा एकच, 'बन्सीच्या घराशेजारी'. फोन सगळ्यांचा एकच, बन्सीचा. ज्या विठ्ठलरावांचं घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, त्यांनाही त्यानं बन्सीच्या शेजारी आणून बसवलं. विचारायची गरज कुणाला वाटली नाही. नानांना तर त्यात उलट मान वाटला होता. पुढं कॉम्प्युटरनं पाहिलं, फोन तोच, पत्त्यात बन्सी आहेच. त्यानं सगळी माणसं एकात मिसळून टाकली.

वसुलीचे फोन तर वर्षभर येतच होते. धनश्री नावाची मुलगी पुण्याहून बोलायची. नाना "राँग नंबर हाय" म्हणून ठेवून द्यायचे. बँकेतून आल्यावर मात्र त्यांनी तिला नीट समजावून सांगायचं ठरवलं.

"सर, सोमवारी तुम्ही विठ्ठलराव नव्हता," ती शांतपणे म्हणाली. "बुधवारी छबुबाई नव्हता. आज कोण नाही आहात?"

"आज बी मी बन्सीच हाय, बाई."

"म्हणजे नंबर तुमचाच आहे, हे मान्य आहे."

"नंबर माझा हाय. म्हशी माझ्या न्हाईत."

यावर तिनं काहीतरी टाइप केल्याचा आवाज आला.

पंचशीलानं बीडहून तक्रार केली. सगळ्या नोंदी खोट्या आहेत, काढून टाका, असं रीतसर कळवलं. कंपनीनं महिनाभर चौकशी करून उत्तर पाठवलं, की नोंदी बरोबर आहेत, आम्ही खात्री करून घेतली आहे. खात्री कशी केली ते पंचशीलानं फोन करकरून शोधून काढलं, तेव्हा नानांना ती दुपार आठवली. एका अडलेल्या गायीच्या पोटात त्यांचा हात कोपरापर्यंत होता, गायीच्या मालकानं मोबाईल त्यांच्या कानाला लावला होता, आणि पलीकडून कुणीतरी विचारलं होतं, बन्सी बोलताय ना, हा नंबर तुमचाच ना. नानांनी दोन्हीला हो म्हटलं होतं. कंपनीच्या हिशेबी गुन्हा कबूल झाला होता. वासरू मात्र सुखरूप निघालं.

"बाबा, हात मोकळा असल्याशिवाय फोन घेत जाऊ नका," पंचशीला म्हणाली. ती रडकुंडीला आली होती. घराचा मालक आता दुसरं गिऱ्हाईक बघायच्या गोष्टी बोलत होता. नानांनी तिलाच धीर दिला, आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ अंधार पडत चाललेल्या अंगणाकडं बघत बसले. पारूबाई असत्या तर तळीवर चढून सगळ्या कर्जदारांना एका हाकेत गोळा केलं असतं, असं त्यांना वाटलं, आणि मग त्यांना पारूबाईंची इतकी आठवण आली की त्यांनी उगीच मिक्सर पुसून ठेवला.

शेवटी कंपनीनं एक वाट दाखवली. ज्यांनी खरं कर्ज घेतलं ती माणसं समोर आली, आपलं कर्ज आपलं म्हणाली, आणि स्वतःचा फोन, स्वतःचा पत्ता दिला, तर नानांचं नाव निघेल. बद्रीनाथ नावाचा कंपनीचा अधिकारी बाजाराच्या दिवशी चकलांब्याला येतच असे. तो ओट्यावर बसायला तयार झाला. माणसं आणायचं काम नानांचं.

गिरणीवाला, फटफटीवाला आणि बांगड्यांचा गाडीवाला लगेच हो म्हणाले. छबुबाईंनी तर कानावर हात ठेवले. शिलाई मशीनचा हप्ता त्यांनी कधी चुकवला नव्हता, त्यांचं नाव थकलेल्यांत आलंच कसं, म्हणून त्या बद्रीनाथची वाट बघू लागल्या. घोडं अडलं ते विठ्ठलरावांपाशी. बाजेवर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हशी भाकड निघाल्या, म्हणून म्या रागानं हप्ता बंद केला," ते म्हणाले. "आता थकबाकीत माझं नाव लागलं तर गावात तोंड दाखवू का न्हाई? तुझ्या नावावर हाय तर राहू दे की. तुला कोण हसतंय?"

नानांना राग यायला हवा होता. आलाही. पण बाहेर आलं ते भलतंच.

"रावसाहेब, मला पोरीकडं जायचंय. घरात आवाज न्हाई कुणाचा."

नाना उठून घरी आले आणि विठ्ठलराव येणार नाहीत, असं मनाशी पक्कं करून टाकलं.

बाजाराच्या दिवशी बद्रीनाथच्याही आधी ओट्यावर येऊन बसले होते ते विठ्ठलराव. पूर्वी पोराच्या फोनसाठी ते यायचे, तेव्हा सुरुवातीला लिंबाखाली उभेच राहायचे. गावकुसाबाहेरच्या या वस्तीत बसायची त्यांना सवय नव्हती. पोरगा फार वेळ बोलायचा. पाय दुखायला लागले तसे ते ओट्यावर टेकले, आणि त्या उन्हाळ्यात कधीतरी पारूबाईंना म्हणाले, की चहात आलं घालत जा. आज ते बरोबर त्याच जागी बसले होते.

मग एकेक जण आला. ज्यांचा कर्जाशी संबंध नव्हता तेही आले, कारण बन्सीच्या ओट्यावर माणसं दिसली की जायचं, ही पायांची सवय अजून गेली नव्हती. बद्रीनाथनं विचारायचं, माणसानं आपलं कर्ज कबूल करून खिशातला मोबाईल काढून नंबर सांगायचा. छबुबाईंनी तर बद्रीनाथलाच उभं केलं. त्यानं मोबाईलवर शोधून मान खाली घातली. त्यांचं कर्ज कधीच फिटलेलं होतं, कंपनीच मिटवायला विसरली होती. नानांनी चहा केला. साखर जास्त पडली, तरी कुणी काही बोललं नाही.

विठ्ठलरावांनी भर ओट्यावर म्हशी आपल्या म्हणून सांगितलं. कुणी हसलं नाही. मग ते हातातल्या मोबाईलकडं बघत बसले.

"बन्सी, तवा फोन तुझ्याकडं हुता, अन् पोरगं माझ्याशी बोलायचं," ते म्हणाले. "आता फोन माझ्या खिशात हाय."

काम संपलं तरी दिवेलागण होईपर्यंत कुणी उठलं नाही.

नोंदी निघाल्या. रिपोर्ट धुतल्यासारखा स्वच्छ झाला. सत्यमनं कर्ज मंजूर केलं आणि बजावलं, की नाना, आता जिवंत आहात तोवर आपला नंबर दुसऱ्याच्या कागदावर लिहू देऊ नका. नानांनी शपथ घेतल्यासारखी मान हलवली. धनश्रीचाही फोन आला. तुमचा नंबर आमच्या यादीतून काढला आहे, यापुढं आमच्याकडून तुम्हाला त्रास होणार नाही, असं ती म्हणाली. नानांनी तिचे आभार मानले, मग जेवलीस का विचारलं. ती गोंधळली, हो म्हणाली, आणि फोन बंद झाला.

त्यानंतर फोन वाजेनासाच झाला. सकाळी एकदा पंचशीला बोलायची, की मग दिवसभर काही नाही. पूर्वी चिडत का होईना, कुणाचं तरी नाव त्या फोनवरून ऐकू यायचं. नानांनी दोनदा चार्जिंग तपासलं. चार्जिंग पुरेपूर होतं.

दसऱ्याच्या आधी नाना सामान बांधायला लागले. मिक्सर गोधडीत गुंडाळला. चहापत्तीचा आणि साखरेचा डबा पिशवीत घातला. तेवढ्यात छबुबाई ओट्यावर येऊन टेकल्या. नातीला औरंगाबादला हॉस्टेलात घालायचं होतं, अर्जावर फोन नंबर लागत होता. घरात फोन होता तो सुनेचा, आणि सून सासूशी बोलत नव्हती.

"पारूबाई असती तर म्या इचारलं बी नसतं," त्या म्हणाल्या. "न्हाई म्हणलास तरी राग न्हाई. तू आता चाललास."

नानांना सत्यमचं तोंड आठवलं. कॉम्प्युटरही आठवला. त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि एकेक आकडा सावकाश सांगितला. सांगून झाल्यावर, बरोबर लिहिला ना, म्हणून अर्ज मागून परत तपासलाही. पत्ता छबुबाईंनी आधीच लिहून टाकला होता, 'बन्सीच्या घराशेजारी'.

फोन आला तो निघायच्या दिवशी सकाळी. पंचशीलाचा असेल म्हणून नानांनी घाईनं उचलला. अनोळखी बाई होती.

"छबुबाई बोलताय का? मुलींच्या हॉस्टेलमधून बोलतेय."

राँग नंबर हे शब्द इतक्या महिन्यांच्या सवयीनं जिभेपर्यंत आले होते. नानांनी ते गिळले.

"थांबा, बलावतो," ते म्हणाले. "फोन ठिवू नका."

ते भिंतीकडेच्या जात्याच्या तळीवर चढले. गुडघा कुरकुरला. आपला आवाज पारूबाईंसारखा तीन गल्ल्या जायचा नाही, हे त्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी छाती भरून घेतली आणि छबुबाईंचं नाव पुकारलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग पलीकडच्या गल्लीतून "आले, आले" ऐकू आलं, दोन दारं वाजली, ज्यांचा काही संबंध नव्हता अशीही माणसं ओट्याकडं निघाली, आणि लांबून विठ्ठलराव सावकाश काठी टेकत येताना दिसले.

नानांनी फोन ओट्याच्या त्या कोपऱ्यात ठेवला. मग आत जाऊन बांधलेल्या पिशवीची गाठ सोडली आणि साखरेचा डबा बाहेर काढला.