बेडूक कापून झाल्यावर हात धुवा

आमचे दीक्षित सर पोरांना कॉम्प्युटरवर बेडूक कापायला लावत आणि नंतर साबणाने हात धुवायला लावत. कोपरापर्यंत. बेडूक काचेच्या आत, ना रक्त ना वास, आणि बाहेर बेसिनपाशी वीस पोरांची रांग. साबण मीच हातात देत होते, म्हणून सांगते. ऐकीव नाही.

मी चौथी शिकलेली. नाशिकच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये शिपाई होते. नाव कडूबाई, पण पोरं मावशी म्हणायची. बेडकांचं पोतं ताब्यात घ्यायचं, बेडूक औषधाच्या बरणीत घालून बेशुद्ध करायचे, मेणाचे ट्रे मांडायचे आणि शेवटी पोरांनी केलेली घाण धुवायची, हे माझं काम. कामाचं मला कधी वाईट वाटलं नाही. बेडकांचंही नाही. वाईट वाटून घ्यायचा पगार नव्हता.

सर पंचवटीतले, भिक्षुकांच्या घरातले. वडील आणि दोघे भाऊ रामकुंडावर यात्रेकरूंची श्राद्धं सांगायचे. हे एकटेच कॉलेज शिकले आणि बेडूक कापायला लागले. वडिलांनी त्यांचं ताट वेगळं मांडलं, ते वेगळंच राहिलं. लग्न त्यांनी केलं नाही. पण घरचं वळण काही सुटलं नाही. शिकवताना सूर अगदी कुंडावरचा. "उजव्या हातात कात्री घ्या. डाव्या हातात चिमटा. बेडकाचं तोंड दक्षिणेला. यजमान, इकडे लक्ष!" पोरांना ते यजमानच म्हणत. पोरगी असली तरी यजमान.

मखमलाबादकडचा एक मळेवाल्याचा पोरगा होता, तोंडाचा फटकळ. त्याने एकदा विचारलं, "सर, दक्षिणा किती द्यायची?"

"जर्नल पूर्ण करा. तेवढ्याने देव, पितर आणि परीक्षक, तिघंही तृप्त होतील."

एकदा पोत्याचं तोंड सुटलं आणि बेडूक व्हरांड्यात पसरले. पोरी किंचाळत बाकांवर चढल्या. मी झाडू घेऊन धावले. सर मात्र मधोमध उभे राहून दोन्ही हात वर करून सांगत होते, "यजमानांनी धावू नये! अतिथी पायाखाली येतील!" त्या दिवशी एक अतिथी प्राचार्यांच्या टेबलाखाली सापडला. प्राचार्यांनी पाय खुर्चीवर घेतले होते.

मग दोन हजार सालानंतर बेडूक आणणं बंद झालं. संस्थेने दहा कॉम्प्युटर घेतले आणि एक बेडकाची सीडी. पडद्यावरची सुरी बेडकावर फिरवली की कातडी उघडायची. पुढे गेलं की काळीज दिसायचं, धडधडणारं. चुकलं तर एक बटण दाबायचं, की बेडूक पुन्हा सगळा सांधलेला, टवटवीत. सर ते बटण पुन्हा पुन्हा दाबत बसले.

"कडूबाई, बघा! हा चिरंजीव आहे!"

इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते. मी खूश नव्हते. त्याच सकाळी प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं होतं, "बाई, आता बेडूक नाहीत, ट्रे नाहीत. तुम्हाला इथे काम उरलं नाही. दिवाळीनंतर आपल्या पेठच्या कॉलेजात जा."

निवृत्तीला माझी दोन वर्षं राहिली होती. पेठ म्हणजे घाट, एसटी, जायला दीड-दोन तास आणि यायला तेवढेच. घरी सासू, नव्वदीची, डोळ्यांनी दिसत नव्हतं. कॉलेज घरापासून दहा मिनिटांवर होतं, म्हणून दुपारच्या सुट्टीत जाऊन मी तिला भरवून यायचे. सासूवर माझा फार जीव होता असं नाही. पण तिला भरवायला दुसरं कोणी नव्हतं.

हे सगळं मी सरांना सांगितलं. त्यांनी पडद्यावरून नजरही काढली नाही.

"सोमवारी प्रॅक्टिकल आहे. नेहमीसारखं मांडा," म्हणाले.

"काय मांडू? बेडूक तर खोक्यात जाऊन बसलाय."

"ट्रे, चिमटे, टाचण्या, अॅप्रन, साबण, पाणी. विधी म्हणजे विधी."

मी मनात म्हटलं, मी इथे मरतेय आणि ह्यांना टाचण्या सुचतायत. पण सांगितलं ते मांडलं. एकेका कॉम्प्युटरपुढे एकेक रिकामा मेणाचा ट्रे. शेजारी पाण्याचा तांब्या. कॉम्प्युटर शिकवणारे सर धावतच आले, "अहो, इथे पाणी? कुणाला शॉक बसला म्हणजे?" मग तांबे दाराबाहेर स्टुलावर गेले. ट्रे राहिले. पोरं अॅप्रन घालून माऊस धरून बसली.

फटकळ पोरगा म्हणाला, "सर, याला रक्त नाय, काय नाय. हात कशाला धुवायचे?"

"यजमान, तुम्ही आत्ता त्याचं काळीज बाहेर काढलंत. निदान लाजेने तरी धुवा."

पोरगा हसत उठला. त्याच्यामागे सगळे उठले. मी साबण वाटत होते, अॅप्रन गोळा करत होते, ट्रे पुसत होते. तेवढ्यात प्राचार्य आले.

"दीक्षित, हा काय प्रकार? रिकामे ट्रे कशाला?"

"प्रॅक्टिकल चालू आहे. आपण बुटांसकट आत आलात."

कॉम्प्युटरच्या खोलीत पायताण बाहेर काढायचं, हा नियम प्राचार्यांचाच. ते मुकाट्याने मागे गेले, बूट काढले. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. तेव्हापासून त्यांचा आवाज जरा उतरला. सरांनी त्यांना खुर्चीवर बसवलं, हातात माऊस दिला. "हं, यजमान, कातडी उघडा." प्राचार्यांनी उघडली. दुसऱ्या मिनिटाला ते बेसिनपाशी उभे होते आणि मी त्यांना साबण देत होते.

"बाई नसतील तर माझं प्रॅक्टिकल होणार नाही," सर म्हणाले. "अर्धा विधी मी करत नाही. तसं विद्यापीठाला लिहून कळवतो."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं, ट्रेकडे पाहिलं, आपल्या ओल्या हातांकडे पाहिलं. "राहू द्या बाईंना," म्हणाले. "डोक्याला ताप नको."

माझी बदली टळली. एका माणसाच्या सोवळ्यापायी टळली, एवढंच मी समजले. आभार मानले नाहीत. वेड्याचे आभार काय मानायचे? पुढची दोन वर्षं दर सोमवारी ट्रे मांडले, पुसले, ठेवले. पोरांबरोबर मीही हसायचे. घरी सासूला घास देताना सरांच्या नकला करायचे. "बेडकाचं तोंड दक्षिणेला" म्हटलं की म्हातारी घास तोंडात ठेवून हसायची.

निवृत्त झाले तेव्हा नारळ, साडी, हार सगळं झालं. सर कार्यक्रमाला आले नाहीत. लॅबमध्ये बसून राहिले. मीही त्यांना शोधायला गेले नाही. ट्रेच्या कपाटाला कुलूप लावलं, बेसिनवर नवा साबण ठेवला आणि निघाले.

पंधरा दिवसांनी पेन्शनच्या कागदावर सही करायला गेले. वार सोमवार. म्हटलं, नवी बाई ट्रे नीट पुसते का बघावं.

नवी बाई कोणी आलीच नव्हती. पोरं साध्या कपड्यांत बसून बेडूक कापत होती. तास संपला तसे खुर्च्या सरकवून सगळे निघून गेले. बेसिनकडे एकानेही पाहिलं नाही. सर पुढच्या कॉम्प्युटरवर बसले होते. एकाच हाताने माऊस फिरवत होते आणि कागदातला चिवडा खात होते.

कपाटाला माझंच कुलूप. बेसिनवर माझाच साबण, वाळून तडकलेला.

मी दारात उभी राहिले. सरांनी वर पाहिलं. हातातला चिवडा हातातच राहिला. चोरी पकडल्यावर पोरं उभी राहायची, तसे उठून उभे राहिले.

"कडूबाई... ते आज जरा घाई होती."

"दिसतंय मला."

मी स्टुलावरचा तांब्या घेतला, नळाखाली भरला.

"या इकडे. कोपरापर्यंत."

ते आले. मी पाणी घातलं, त्यांनी हात धुतले. सावकाश, दोनदा. मग मीही धुतले. त्यांनी मला खुर्ची दिली आणि चिवड्याचा कागद मधे सरकवला.

चिवड्यात मीठ जास्त होतं. तसं मी त्यांना सांगितलं. संपेपर्यंत मात्र उठले नाही.