तांदळाभर बाजूला

बाबांचे चुलतभाऊ यशवंतअण्णा आमच्या टीव्हीवर कार्टून बघायचे, आणि तेही आवाज पूर्ण बंद करून. वय पन्नाशीच्या पुढं, लग्न केलेलं नाही, घरी टीव्ही नाही. रविवारी अकराला पेणच्या रामवाडीतल्या आमच्या घरी आले की पहिलं काम टीव्हीचा कान पिळायचं. "तोंड काय, कोणी पण हलवील," म्हणायचे, "बुबुळ बघ."

बुबुळ हा त्यांचा धंदाच होता. हमरापूरच्या एका कारखान्यात ते गणपतीचे डोळे आखायचे. अंगाचे रंग दुसऱ्यांनी द्यायचे, डोळे अण्णांनी. त्यामुळे माणूस भेटला की आधी त्याच्या डोळ्यांची तपासणी. माझ्या आतेबहिणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा अण्णा भर बैठकीत म्हणाले, "मुलगा पोह्यांकडे बघतोय." लग्न झालं. जावयाचं आजचं वजन बघता अण्णा बरोबर होते. पण त्यानंतर असल्या कार्यक्रमांना त्यांना कोणी बोलावलं नाही.

तर त्या कार्टूनमध्ये दोन वीर होते. एक हिरव्या चिलखतातला, अखंड बडबडणारा. दुसरा निळ्या पंखांचा, घुम्या. दोघं मिळून दर रविवारी जग वाचवायचे. तिसऱ्याच रविवारी अण्णांनी निकाल देऊन टाकला.

"हा जोडा हाय."

"कोणाचा?" आईनं विचारलं.

"ह्या दोघांचा."

"अवो अण्णा, दोघंही पुरुष हायत."

"मग मी कुठं बाया म्हणतोय, वयनी?"

मी हिरव्याची मैत्रीण दाखवली. अण्णांनी हात झटकला. "ती शोभेला. तिच्याकडे बघताना बुबुळ मधोमध, फोटोला बसल्यासारखं. आता निळा येऊ दे." निळा उडत आला. हिरव्याचं तोंड राक्षसाकडेच होतं, पण बुबुळ निळ्याकडे सरकलं. "तांदळाभर," अण्णा म्हणाले. "जीव जडला असला की तेवढंच सरकतं. जास्त सरकलं तर समजायचं, नाटक." आईनं तोंड वाकडं केलं खरं, पण पुढच्या रविवारी निळा जखमी झाला तेव्हा तिनं डोळे पुसले आणि हातातल्या कांद्याला दोष दिला.

मी तेव्हा रोह्याला कंपनीत होतो. शिफ्ट संपवून आलो की अण्णांचा ठरलेला प्रश्न, "अष्टमीत काय विशेष?" रोह्यासमोर नदीपलीकडच्या अष्टमीत रोज काय विशेष असणार? त्यांचं तिथं कोणी नातेवाईकही नव्हतं. एक वसंता तेवढा होता. तो पूर्वी कारखान्यात अण्णांबरोबर अंगाचे रंग द्यायचा आणि लग्न झाल्यावर तिकडे गेला होता.

त्याच वसंताच्या मंडळानं एका वर्षी मूर्ती सांगितली. पोरांच्या हट्टापायी बाप्पाच्या दोन बाजूंना हिरवा आणि निळा, हातात चवऱ्या घेऊन. अण्णांनी त्या चार डोळ्यांना तीन दिवस घेतले. टेम्पोतून मूर्ती पोचवायला त्यांच्याबरोबर मीही गेलो.

मंडपात वरचं कापड काढलं आणि सेक्रेटरीच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे दोघं समोर बघत नायत. बाप्पाला मध्ये ठेवून एकमेकांकडे बघतात."

"समोर बघायला बाप्पा हाय ना," अण्णा म्हणाले.

"लोकांना काय वाटंल? डोळे सरळ करा. ब्रश आणलाय ना?"

एरवी अण्णांनी त्याच्याच बुबुळांचा पंचनामा केला असता. त्या दिवशी ते गुपचूप खाली बसले, ब्रश काढला आणि फडक्यानं नुसते पुसत राहिले. ते चार डोळे सरळ करणं त्यांच्या जिवावर आलं होतं. मला त्यांची फार दया आली.

तेवढ्यात वसंता आला. केस पांढरे, कडेवर नात. मूर्तीसमोर तो बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "राहू दे. बरोबर हाय ते."

"पण काका, लोकं..."

"अकरा वर्षं मूर्ती मध्ये ठेवून ह्याच्या समोर बसलोय मी. ह्या अंगाला मी, त्या अंगाला हा. त्याचा डोळा चुकत नाय." सेक्रेटरी हार आणायला गेला.

परतताना नागोठणं येईपर्यंत अण्णा ब्रश फडक्यात गुंडाळत आणि परत सोडत होते. जगाचे डोळे तपासणारा हा माणूस वसंता आल्यापासून आम्ही निघेपर्यंत हातातल्या ब्रशाकडेच बघत होता, हे माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं. मग टेम्पोच्या खिडकीबाहेर तोंड करून त्यांनी विचारलं, "वसंता बोलताना कुठं बघत होता रे?"

"मूर्तीकडे."

"मधोमध?"

मी खोटं बोललो नाही. "तोंड मूर्तीकडे होतं, अण्णा. बुबुळ तुमच्याकडे."

"किती?"

"तांदळाभर."

अण्णांनी डोळे मिटून घेतले. झोपले नव्हते, पण पेण येईपर्यंत उघडले नाहीत.