थँक्यू न चालणारे दामूकाका

दामूकाकांना कोणी 'थँक्यू' म्हटलं, की ते चपला शोधायला लागतात.

पेणला दिव्यांग मुलींचं केंद्र आहे, तिथे मी शिवण शिकवते. काका रोह्याच्या कंपनीत फिटर होते. रिटायर झाल्यापासून आठवड्यातून दोनदा रोह्याजवळच्या निडीहून रेल्वेने येतात आणि मुलींच्या व्हीलचेअर दुरुस्त करतात. पगार नाही, चहासुद्धा स्वतःच्या थर्मासमधला. "खुर्ची बोलता नये, माणूस बोलला पायजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुठे चाक कुरकुरलं, तर जेवणावरून उठतात.

माझ्या वर्गातली व्हीलचेअरवरची सुजाता त्यांना मुद्दाम छळते. "काका, थँक्यू हां."

"परत बोललीस तर चाकातली हवा काढीन गो."

गेल्या महिन्यात केंद्राने स्वयंसेवकांचा सत्कार ठेवला. काकांचं नाव पुकारलं, तर काका गायब. सामानाच्या खोलीत ग्रीसचा डबा घेऊन बसले होते. सुजाता खुर्चीतून तिकडे गेली. "काका, चाक अडकलंय." ते तपासायला खाली वाकले, आणि तिने मांडीवर लपवलेली शाल त्यांच्या खांद्यावर टाकली. ग्रीसचे हात शालीला लागू नयेत म्हणून काका ते नुसते हवेत धरून राहिले.

संध्याकाळी मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेले. बाकावर बसल्यावर ते आपणहून बोलू लागले.

"माझी धाकटी बहीण होती, शेवंता. पायानं अधू. आमचं घर रुळाजवळ. गाडी गेली की म्हणायची, दादा, मला एकदा पेणपर्यंत ने, खिडकीत बसायचंय."

"मग नेलंत?"

"पुढच्या सुट्टीला नेतो, म्हणायचो. सुट्टी आली की ओव्हरटाइम निघायचा. एवढीशी होती गो. उचलून नेली असती तरी चाललं असतं. मी रिटायर व्हायच्या आधीच गेली."

गाडी आली. आमच्या समोरच्याच डब्यात एक खिडकी रिकामी होती. काका तिच्याकडे बघत बसून राहिले.

"काका, गाडी सुटेल."

"सुटू दे."

गाडी सुटली. पुढची दोन तासांनी होती. मी पर्स मांडीवर घेतली आणि त्यांच्या शेजारी बसून राहिले.