पाण्याचा ग्लास कोणी ठेवला?

लिफ्टवाल्याने फक्त "हं" म्हटलं होतं. एवढंच. पुढचं सगळं त्या "हं"पासून सुरू झालं.

दुपारची वेळ. बायको बाळाला पाजायला खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती आणि हा स्वयंपाकघरात दूध काढायच्या पंपाचे सुटे भाग जुळवत उभा होता. (लिफ्ट दुरुस्त करणं हे त्याचं काम; बंद पडलेली लिफ्ट तो डोळे मिटून खोलायचा आणि जोडायचा. या पंपाची एक रबरी चकती मात्र दर वेळी उरायचीच.) तेवढ्यात बाहेरून बायकोचा आवाज आला, "पाणी आणून ठेवलंस ते फार बरं केलंस. घसा अगदी कोरडा पडला होता."

पाणी त्याने ठेवलं नव्हतं. पण बाळ झाल्यापासून घरात त्याला कोणी चांगलं म्हटलं नव्हतं, आणि चालून आलेली शाबासकी परत पाठवण्याइतका तो मोठ्या मनाचा नव्हता. तो म्हणाला, "हं."

घरात माणसं तिघंच. हा, बायको आणि इवलीशी मुलगी. सासूबाई मदतीला यायच्या होत्या, पण पाय मोडून घेऊन आपल्याच घरी पडल्या होत्या. बायकोचे दिवस कठीण चालले होते. मुलगी छाती नीट धरायची नाही, बायकोला दुखायचं, कितीही वेळ पाजलं तरी मुलगी रडायची आणि मग बायकोही रडायची. तपासायला आलेल्या नर्सने लिफ्टवाल्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पाजायचं काम तिचं. बाकी सगळं तुमचं. हाताशी पाणी, कोपराखाली उशी, पोटात काहीतरी आणि डोक्याला शांतता."

लिफ्टवाल्याने मान डोलावली होती. आठवडाभर त्याने एकच केलं. बायको पाजायला बसली की तिच्यासमोर उभं राहून तो मोबाईलवरची माहिती मोठ्याने वाचून दाखवायचा. (शांततेचा मुद्दा त्याच्या ऐकण्यातून निसटला असावा.)

त्या पहिल्या "हं"च्या दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "उशी अगदी बरोबर लावलीस." तो म्हणाला, "हं." मग पडदा ओढल्याबद्दल. मग हाताशी घडी करून ठेवलेल्या दुपट्याबद्दल. एकदा तर सफरचंदाच्या फोडींबद्दल, आणि त्या फोडी त्याने स्वतः पाहिल्या. एकसारख्या कापलेल्या, बिया काढलेल्या. त्याच्या हातून सफरचंद कापलं गेलं असतं तर त्याचं काय झालं असतं, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो "हं" म्हणाला.

सासूबाईंचा फोन आला. "जावईबापू, माझी मुलगी म्हणाली की तुम्ही न सांगता सगळं करता. माझ्या तोंडून आजवर तुमच्याबद्दल जे आलं, ते मी मागे घेते." (आजवर काही आलं होतं, हे त्याला तेव्हा कळलं.) कामावरच्या साहेबांपर्यंतही बातमी गेली. रजा संपली की इतर होऊ घातलेल्या बापांना चार शब्द सांगा, असं त्यांनी फर्मावलं.

आणि मग लिफ्टवाल्याला भीती वाटायला लागली.

तसा तो भित्रा नव्हता. लिफ्टच्या खोल, काळ्या विहिरीत तो एकटा उतरायचा. पण दुपारी अख्खी इमारत कामावर गेलेली असायची, जिन्यात पाऊल वाजत नसे, आणि अशा वेळी स्वयंपाकघरातला नळ सुरू व्हायचा. ग्लास भरेपर्यंत वाहायचा आणि थांबायचा. हा धावत जाई. कोणी नसे. ओट्यावर पाण्याचं एक गोल वळं तेवढं उमटलेलं असे. बाहेरचं दार आतून लावलेलं, खिडक्यांना जाळ्या.

एकदा खोलीतून गुणगुणणं ऐकू आलं. हलकं, एका लयीतलं. बाळंतपणापासून गाणं विसरलेली बायको पुन्हा गाऊ लागली, या आनंदात त्याने दार ढकललं. बायको तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. गुणगुणणं थांबलं नाही लगेच. एक ओळ पुरी झाली आणि मग थांबलं. मुलगी जागी होती. ती लिफ्टवाल्याकडे पाहत नव्हती. त्याच्या खांद्यावरून, मागे, जरा उंचावर पाहत होती आणि हसत होती.

त्याने मागे वळून पाहिलं नाही. तसाच मागे मागे सरकत बाहेर आला, आणि आपण ज्या बाजूला सरकतोय तिथेच ते काय ते असणार, हे लक्षात आल्यावर त्याने पाठ भिंतीला चिकटवली.

शेवटी त्याला तोंड उघडावं लागलं ते खांद्यांमुळे. बायको पाजता पाजता म्हणाली, "आणि पाठीमागे उभा राहून खांदे किती छान चेपतोस रे. एक शब्द बोलत नाहीस. हात किती मऊ झालेत तुझे."

लिफ्टवाल्याने आपले हात पाहिले. वंगण बसून काळवंडलेल्या रेघा, घट्टे पडलेले तळवे.

"तो मी नाही," तो कसाबसा म्हणाला. "खांदेही नाही, पाणीही नाही, सफरचंदही नाही. मी काहीच केलेलं नाही."

"माहीत आहे," बायको म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. पाणी तू आणलं असतंस, तर आधी ग्लास कुठे असतात ते विचारलं असतंस."

तो खालीच बसला. "मग मला कशाला चांगलं म्हणत होतीस?"

"वाटलं, ऐकून ऐकून तरी एखादा ग्लास आणशील."

त्याने अगदी हळू आवाजात विचारलं, "ती कोण आहे?"

"मी विचारलं नाही." बायकोने मुलीला दुसऱ्या बाजूला घेतलं. मुलगी आता शांतपणे पीत होती, गटागट आवाज येत होता. "दूध पुरतंय का, वरचं का देत नाहीस, दुसऱ्यांच्या मुली कशा रडत नाहीत, असं ती मला विचारते का? नाही ना. मग मी तिला कशाला विचारू?"

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटायची. पहिल्या आठवड्यात या खुर्चीत एकटी बसायचे, तेव्हा." मग ती म्हणाली, "तू आरडाओरडा करून तिला घालवू नकोस, एवढंच कर."

लिफ्टवाला उठला. त्याला लाज वाटली, अगदी मनापासून. तो स्वयंपाकघरात गेला, चार कपाटं उघडून ग्लास शोधला, काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांत धरून निघाला. उंबऱ्यात ठेचकाळला. अर्धं पाणी जमिनीवर, थोडं बायकोच्या पायावर. उरलेलं त्याने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, जिथे बायकोचा हात पोचणं शक्यच नव्हतं.

"राहू दे," बायको म्हणाली. पण तिचे डोळे भरून आले होते, आणि या वेळी ते दुखण्याने नव्हते. "आणलंस ना."

त्याची छाती फुगली. फडकं आणायला तो आत वळला. परत आला तो जमीन कोरडी होती, ग्लास बायकोच्या हाताशी होता आणि पुन्हा भरलेला होता.

कोरडंच राहिलेलं फडकं दारामागच्या खिळ्याला अडकवायला तो बाहेरच्या दाराकडे गेला. तिथे त्याच्या कामावरच्या बुटांची जोडी पुसून, नाड्या सैल करून, दाराकडे तोंड करून ठेवलेली होती. शेजारी भरलेला डबा. अजून गरम.

रजा संपायला अजून आठवडा होता.