घड्याळजींचा पाण्यातला फोटो

दाजींनी कॅमेऱ्याचं पाठीमागचं झाकण उघडलं, आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "फोटो कुठं दिसतात रे यात?"

घड्याळजी तेव्हा तरणतलावाच्या कपडे बदलायच्या खोलीतून केस पुसत बाहेर येत होते. टॉवेल त्यांच्या डोक्यावरच राहिला. बाकावर दाजी मांडी घालून बसले होते, त्यांच्या मांडीवर तो कॅमेरा उघडा पडला होता आणि आतली फिल्म दुपारच्या लख्ख उजेडात चमकत होती. छत्तीस फोटो. त्यातले बावीस ताईचे. उजेड लागून सगळे गेले.

हा कॅमेरा पन्नास वर्षांपूर्वीचा. पाण्याखाली न्यायचा, दगडासारखा जड. घड्याळजींनी तो भंगारातून उचलला होता आणि तीन महिने, गिऱ्हाइकांची घड्याळं बाजूला सारून, दुकानातल्या टेबलावर त्याचा एकेक स्क्रू काढून साफ केला होता. झाकणाच्या खाचेतली रबराची रिंग त्यांनी स्वतःच्या हातानं ग्रीस लावून बसवली होती. एक केस जरी त्या रिंगेखाली अडकला तरी पाणी आत शिरतं, म्हणून ते श्वास रोखून काम करायचे.

"दाजी," ते म्हणाले, "त्यात फोटो दिसत नाहीत. फिल्म धुवावी लागते."

"मग धू की. इथं पाणी तर भरपूर आहे."

घड्याळजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानंतर ते जे बोलले ते ऐकून लहान मुलांना पोहायला घेऊन आलेल्या दोन बायका मुलांसकट पलीकडच्या बाकावर जाऊन बसल्या.

ताई ओल्या केसांनी बाहेर आली आणि तिला सगळं कळलं. ती सहासष्ट वर्षांची होती. पासष्टाव्या वर्षी पोहायला शिकली आणि आता तलावाची पूर्ण रुंदी एका दमात पाण्याखालून पार करत होती. दहा दिवसांनी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. मग सहा महिने पाण्याचं नाव काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अंथरुणावर पडल्यापडल्या बघायला एक फोटो हवा, एवढंच तिनं धाकट्या भावाकडे मागितलं होतं.

"जाऊ दे," ती म्हणाली. "अजून एक रविवार आहे."

"आहे," घड्याळजी म्हणाले, "पण यांना घरी ठेवून ये."

"मी टॉवेल धरायला येईन," दाजी म्हणाले. "लांबूनच."

पुढच्या रविवारी घड्याळजी नवा रोल घालून, झाकण तीनदा तपासून, दहा मिनिटं आधीच तलावावर हजर झाले. दाजींना त्यांनी भिंतीपाशी उभं केलं आणि तिथून हलायचं नाही असं सांगितलं. दाजी टॉवेल घेऊन उभे राहिले. तेवढ्यात कचेरीच्या खिडकीतून व्यवस्थापक बाईंनी हाक मारली.

"ते हातात काय आहे?"

"कॅमेरा."

"फोटो काढायला परवानगी लागते. हा फॉर्म भरा."

फॉर्मवर पहिलाच प्रश्न मोबाइलच्या मॉडेलचा होता. घड्याळजींनी तिथं 'नाही' लिहिलं. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"मोबाइल नाही तर फोटो कशावर काढणार?"

"कॅमेऱ्यावर. हा काय."

"ठीक आहे. जाताना सगळे फोटो मला दाखवायचे. दुसऱ्या कुणाचा आला असेल तर माझ्यासमोर डिलीट करायचा. नियम आहे."

"हे दाखवता येत नाहीत. फिल्म धुवावी लागते."

"म्हणजे काय काढलंत ते तुम्हालाही माहीत नसणार?"

"नाही."

"मग काढता कशाला?"

घड्याळजींनी दात ओठ खाल्ले. त्यांचा आवाज चढला, बाईंचाही चढला, मागं रांग लागली. अखेर ताईनं मधे पडून तोडगा काढला: आठ दिवसांत सगळे फोटो छापून बाईंना आणून दाखवायचे. तसं लिहून घड्याळजींनी सही केली. पेन कागदातून आरपार गेलं.

"आणि आता पुन्हा आवाज चढला," बाई म्हणाल्या, "तर तिघांनाही बाहेर काढीन."

पाण्यात उतरल्यावर नवीच अडचण निघाली. घड्याळजी बुडेनात. मागच्या खेपेला त्यांनी काठाजवळून, उथळ पाण्यात बसून फोटो काढले होते. या खेपेला ताई समोरून येताना हवी होती, म्हणून ते मधोमध गेले, छाती भरून श्वास घेतला, खाली गेले आणि लगेच बुचासारखे वर आले. पुन्हा गेले, पुन्हा वर. पलीकडे ताई कठड्याला धरून वाट बघत होती.

"तुला कुणीतरी दाबून धरायला हवं," भिंतीपासून दाजी म्हणाले.

घड्याळजींनी ऐकलंच नाही असं दाखवलं. चौथ्यांदा वर आल्यावर मात्र त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. दाजींइतकं वजनदार माणूस आसपास दुसरं कुणी नव्हतं.

"या," ते म्हणाले. "पण कॅमेऱ्याला हात लावायचा नाही."

दाजी टॉवेल खांद्यावर घेऊनच पाण्यात उतरले. त्यांनी मेव्हण्याच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवले आणि एखादी पेटी बंद करावी तसं त्याला खाली दाबलं. समोरून ताई निघाली. पाण्यात वस्तू आहे त्यापेक्षा जवळ दिसते, हे लक्षात ठेवून घड्याळजींनी अंतर लावलं. कॅमेऱ्याला जोडलेल्या कपात फ्लॅशचा, एकदाच पेटणारा जुना दिवा होता. ताई बरोबर जागेवर आली आणि त्यांनी बटण दाबलं.

दिवा असा पेटला की तलावाचं सगळं पाणी क्षणभर पांढरं झालं.

काठावरच्या लाइफगार्डनं आयुष्यात असला प्रकार पाहिला नव्हता. पाण्याखालच्या दिव्यांची वायर जळाली असं त्याला वाटलं. त्यानं शिट्टी फुंकली ती थांबवेचना. "बाहेर या, करंट आहे, सगळे बाहेर या," असं तो ओरडत सुटला आणि धावत जाऊन त्यानं मुख्य बटण बंद केलं. सगळी माणसं काठावर चढली. ताई अर्ध्यातच वर आली, नाकातोंडात पाणी जाऊन खोकत.

"करंट असता तर तू ओरडेपर्यंत सगळे मेलो असतो," घड्याळजी लाइफगार्डला म्हणाले. ते शक्य तितक्या हळू बोलत होते, कारण बाई खिडकीतून बाहेर आल्या होत्या.

"दिवे इकडे द्या," बाई म्हणाल्या.

उरलेले पाच दिवे त्यांनी जप्त केले. काचांतून ऊन येत होतं, तेवढ्यावर भागवायचं ठरलं. ताई दमली होती, तिचा गुडघाही ठणकत होता, पण ती म्हणाली, "एकदा अजून जाते. नंतर जमणार नाही मला."

घड्याळजींनी फिल्म पुढं सरकवली, दाजींनी त्यांना दाबलं, ताई निघाली. या खेपेला ती इतकी सुंदर आली की घड्याळजी राग विसरले. हात लांब, चेहरा शांत, पाठीवर उन्हाच्या जाळीचे कवडसे. आणखी दोन हात पुढं आली की बटण दाबायचं.

बायकोला असं येताना पाहून दाजींना राहवलं नाही. त्यांनी तिला हात केला. दोन्ही हातांनी.

घड्याळजी बुचासारखे वर आले. ताई त्यांच्या पायाखालून गेली, पलीकडच्या कठड्याला तिनं हात लावला आणि वर येऊन दम खात विचारलं, "आला का?"

घड्याळजींच्या तोंडाशी जे आलं होतं ते बोलायचं तर बाई काठावर हाताची घडी घालून उभ्या होत्या. घड्याळजींनी दाजींकडे पाहिलं. दाजी म्हणाले, "काय छान पोहते रे ती."

तेव्हा घड्याळजींनी कॅमेरा हातातून सोडून दिला आणि पाण्याखाली जाऊन ओरडायला सुरुवात केली. जे जे आठवलं ते सगळं बोलले. उघडलेलं झाकण, बावीस फोटो, तो टॉवेल, ताईच्या लग्नापासूनचं साचलेलं बरंच काही. जसजशी छातीतली हवा संपत गेली तसतसे ते आपोआप खाली खाली गेले आणि तळाला जाऊन टेकले. आता त्यांना कुणी दाबायची गरज नव्हती.

भावाला काय झालं म्हणून ताईनं बुडी मारली. तळाला तिला कॅमेरा सापडला. तिनं तो उचलला, समोर धरला आणि बटण दाबलं.

त्या रात्री घड्याळजींनी न्हाणीघर आतून लावून घेऊन फिल्म धुतली आणि फोटो छापले. पहिला फोटो कोरा पांढरा होता. दुसरा ताईनं काढलेला, आणि तो घड्याळजींनी आजवर पाहिलेल्या कुठल्याही फोटोपेक्षा स्वच्छ आला होता. त्यात ते स्वतः तळाशी बसले होते. केस उभे, दोन्ही हात पसरलेले, गाल फुगलेले आणि उघड्या तोंडातून बुडबुड्यांचा घोस वर चाललेला. माणूस आनंदानं खदखदून हसतो आहे, असंच कुणीही म्हटलं असतं.

ताईनं तो फोटो दवाखान्यात पलंगाशेजारी ठेवला.

"मी हसत नव्हतो," घड्याळजी म्हणाले. "दाजींना शिव्या देत होतो."

"कुठल्या?" दाजींनी कुतूहलानं विचारलं.

"तुझा फोटो हवा होता," घड्याळजी ताईला म्हणाले. "माझा काय उपयोग?"

"मी कशी दिसते ते मला ठाऊक आहे रे," ताई म्हणाली आणि फोटो आपल्याकडे वळवून ठेवला.

कबूल केल्याप्रमाणे आठव्या दिवशी त्यांनी एक प्रत तलावावर नेऊन दिली. बाईंनी ती बराच वेळ पाहिली आणि नियमानुसार ठेवून घेतली.

महिन्याभरानं घड्याळजी तलावावरून चालले होते, तर दाराशी माणूसभर उंचीचा फलक. त्यावर ते स्वतः, बुडबुड्यांसकट. खाली लिहिलेलं: 'पाण्याला घाबरू नका. ज्येष्ठांसाठी नवा वर्ग.' घड्याळजी रस्त्यातच लाल झाले आणि तरातरा खिडकीपाशी गेले. तिथं नवीनच मुलगी बसली होती.

"तो फलक उतरवा."

"फोटोतल्या माणसानं अर्ज करावा लागेल, काका."

"तो माणूस मीच आहे."

मुलीनं मान वाकडी करून फलक पाहिला, मग त्यांना पाहिलं. "नाही हो," ती म्हणाली आणि खात्री करायला लाइफगार्डला बोलावलं.

"यांना मी चांगला ओळखतो," लाइफगार्ड म्हणाला. "हे ते दिवा पेटवणारे. फोटोतले कुणी दुसरे गृहस्थ आहेत. सज्जन दिसतात."

घड्याळजींनी बोलायला तोंड उघडलं. एवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला. काठी टेकत आलेली एक म्हातारी शेजारणीला म्हणत होती, "मी काही पाण्यात उतरले नसते बाई. पण हे फोटोतले बघ ना, या वयात किती मजेत बसलेत. म्हटलं, नाव तरी घालून बघू."

शेजारणीनं मान डोलावली. त्यांच्या मागं आणखी चार जण उभे होते. सगळे पांढऱ्या केसांचे, सगळे फलकाकडे बघत.

घड्याळजींनी तोंड मिटलं.

"काका, अर्ज हवा आहे का?" मुलीनं विचारलं.

"नको," घड्याळजी गुरगुरले. "पण तो फलक उजवीकडे कललाय. सरळ लावा."