बारा मगांचं समीकरण

आजी गेल्यापासून गॅलरीतल्या तीन लहान कुंड्या माना टाकत चालल्या होत्या. दोन मोठ्या मात्र हिरव्यागार. आजोबांना एवढंच आठवत होतं, की ती रोज एक बादली, म्हणजे बारा मग पाणी घालायची. कोणाला किती, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. झाडं तिची होती, ती जगायला हवी होती.

नातीने वहीत मांडलं. "मोठीला क्ष मग, लहानीला य. दोन क्ष अधिक तीन य बरोबर बारा."

"दे इकडे." आजोबांनी चष्मा लावून तीन य उजवीकडे नेले, क्षची किंमत काढली आणि त्याच समीकरणात घातली. अर्ध्या तासाने उत्तर आलं: बारा बरोबर बारा.

"आजोबा, हे आधीच माहीत होतं! दुसरं समीकरण लागतं."

"ती असती तर पहिलंही लागलं नसतं."

मग त्यांनी अंदाजाने मोठ्यांना तीन-तीन, लहानांना दोन-दोन मग घातले. लहान आणखी सुकल्या. मोठ्यांना पाणी मानवतंय असं समजून त्यांनी मोठ्यांचे साडेचार केले, लहानांचा एक. तिसऱ्या दिवशी खालच्या काकू भिजलेली चादर घेऊन वर आल्या.

"अहो, जन्मभर लोकांचे नळ दुरुस्त केलेत, आणि गळती तुमच्याच घरातून?"

आजोबांनी अडचण सांगितली.

"त्यात काय! मागे तुम्ही दोघं लेकीकडे गेलात, तेव्हा लहान तिन्ही माझ्याकडेच होत्या. तिन्हींना मिळून रोज बारा मग घाल, म्हणाली होती ती."

नातीने लिहिलं: तीन य बरोबर बारा, य चार. मग ती थबकली. "आजोबा, क्ष शून्य येतोय."

आजोबांनी मोठ्या कुंडीतलं पान चोळलं. कापड होतं.

काकूंनी पदर तोंडाला लावला. "नऊ वर्षांपूर्वी ती बहिणीकडे गेली, तेव्हा तुम्ही पाणी घालून घालून ही दोन्ही मोठी झाडं कुजवलीत. तुमच्या लक्षात यायच्या आत तिनं बदलली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"आणि माझ्या पाण्याने ती जगली असं समजून मी नऊ वर्षं लोकांना झाडं कशी जगवायची ते शिकवतोय!"

"मलाही शिकवलंत. दोनदा."

"मग बोलला का नाहीत?"

"तिनं बजावलं होतं."

आजोबा डोळे पुसत हसायला लागले. नातीने क्ष खोडायला पेन उचललं.

"राहू दे," ते म्हणाले. त्यांनी लहान कुंड्यांना मोजून चार-चार मग घातले. मग रिकामा मग दोन्ही मोठ्या कुंड्यांवर सावकाश वाकडा केला.

"हे काय, आजोबा?"

"शून्य मग. तेवढेच घालायची ती."